आयटीआयला पैसा येतो, पण कानस झिजते का?

अंबडचा_लेथवाला

नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), तीन साधे लेथ, एक मिलिंग, माझ्यासकट अकरा माणसं. गेल्या महिन्यात फिटर-टर्नर हवे होते म्हणून चार पोरं बोलावली. चौघंही सरकारी आयटीआयची, मार्कशीट झकास.

मी मुलाखतीत फार प्रश्न विचारत नाही. टेबलावर एक पिन ठेवतो, शेजारी व्हर्नियर, म्हणजे मिलीच्या अंशापर्यंत मोजायची सरकपट्टी, आणि म्हणतो, मोजून सांग. पिन २४.८६ मिलीची होती. पहिल्याने २५ सांगितले. दुसरा म्हणाला, "२४ आणि थोडं वर." तिसऱ्याने व्हर्नियर उलटसुलट करून पाहिला, बहुतेक डिस्प्ले शोधत असावा. चौथ्याने बरोबर सांगितलं, तर कळलं की त्याच्या मामाचं वर्कशॉप आहे.

तिसऱ्याला चहा देताना विचारलं, अरे, तुमच्याकडे व्हर्नियर नव्हते का? तो म्हणाला, "होते ना सर, सहा होते. कपाटात."

हे "कपाटात" डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय.

पैसा नाही असं म्हणायची सोय नाही. ४ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने आयटीआय सुधारायची पीएम-सेतू योजना सुरू केली. १००० सरकारी आयटीआय, त्यात २०० हब (मुख्य संस्था) आणि ८०० स्पोक (त्यांना जोडलेल्या), एकूण ६०,००० कोटी. केंद्राचे ३०, राज्यांचे २० आणि उद्योगांचे १० हजार कोटी. त्याआधी जागतिक बँकेच्या मदतीने ४०० आयटीआय 'सेंटर ऑफ एक्सलन्स' करून झाल्या. मग 'स्ट्राइव्ह' आली, २२०० कोटींची. दर सात-आठ वर्षांनी आयटीआय 'अद्ययावत' होते आणि पोराला व्हर्नियर वाचता येत नाही. मधे पाणी कुठे मुरतं? इथे शिकवणारे, शिकलेले, चालवणारे कोणी असतील तर लिहा. "सगळे खातात" एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका, ते मलाही येतं.

खवचट_खान

सगळे खातात.

(राहवलं नाही. पुढे चालू द्या, वाचतोय.)

निवृत्त_निदेशक

लेथवाले साहेब, मी ३१ वर्षं फिटर ट्रेडला शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. सातारा, सांगली, शेवटची काही वर्षं कोकणात. व्हर्नियर कपाटात का असतो ते सांगतो. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

सरकारी पैशाने आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) चढते. त्या नोंदीखाली निदेशकाची सही असते. वस्तू हरवली, मोडली, जबडा वाकला, तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करायचा, प्रस्ताव करायचा. त्याला समिती, समितीला बैठक, बैठकीला गणपूर्ती. तोवर पडताळणीला माणूस येतो आणि विचारतो, सहा होते, पाचच दिसतात? माझ्या एका सहकाऱ्याची पेन्शन दोन मायक्रोमीटर आणि एका डायल गेजसाठी पाच महिने अडकली होती. मी स्वतः सेवानिवृत्तीच्या आदल्या महिन्यात बाजारातून चार ट्राय-स्क्वेअर विकत आणून ठेवले, स्वतःच्या पैशांनी.

आता सांगा, २० पोरांच्या हातात सहा व्हर्नियर द्यायला कोण धजेल? पोरगं शिकताना पाडणारच. न पाडता शिकलेला फिटर मी पाहिला नाही. आपल्या पद्धतीत कपाटातला व्हर्नियर हा उत्तम व्हर्नियर आणि वापरून झिजलेला हा निदेशकाचा गुन्हा.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. कानस चालवायला लोखंड लागतं. ७५ बाय ७५ चा, १० मिलीचा फ्लॅट. नियमाने प्रत्येक जॉबला नवा तुकडा हवा. आम्ही काय करायचो? पहिला पोरगा चौरस घासायचा. तोच तुकडा हॅकसॉने कापून दुसरा मेल-फीमेल, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन भाग, करायचा. तिसरा त्यावर ड्रिल आणि टॅप. उरलेलं वेल्डिंगवाले न्यायचे. वर्षाअखेर तो तुकडा इतका बारीक व्हायचा की पोरं त्याला 'चकली' म्हणायची.

आणि कानशी! पूर्वी चांगल्या कंपनीची मागवता यायची. नंतर सगळं पोर्टलवर, सगळ्यात कमी दराची निविदा. त्या कानशीचे दात आठवड्यात जातात. मग पोरगं कानस ढकलतं, लोखंड तसंच राहतं, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ह्यात कोणी खाल्लेलं नाही, खान साहेब. सगळं नियमात बसतं.

खवचट_खान

शब्द मागे घेतो. हे खाण्यापेक्षा वाईट आहे.

शेड_नंबर_७

आयएमसी, म्हणजे संस्था व्यवस्थापन समिती, तिच्यावर मी चार वर्षं होतो, उद्योगांचा प्रतिनिधी म्हणून. (संस्थेचं नाव सांगणार नाही, तिथली माणसं चांगली आहेत.) २००७-०८ ची पीपीपी (सरकार-उद्योग भागीदारी) योजना बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून लिहितो.

देशभरातल्या १३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी मिळाले. सरकारी खात्यातून नव्हे, थेट आयएमसीला, आणि समितीचा अध्यक्ष उद्योजक. कल्पना छान होती. संस्थेने स्वतः ठरवावं, स्वतः खर्च करावा, मंत्रालयाकडे बघत बसू नये. फक्त ते अनुदान नव्हतं, बिनव्याजी कर्ज होतं. पहिली दहा वर्षं हप्ता नाही, मग वीस वर्षांत फेडायचं.

आता मला सांगा, फेडायच्या पैशांचं तुम्ही काय कराल? आमच्या समितीने जे केलं तेच. मोठा भाग मुदत ठेवीत टाकला आणि व्याजावर रंगरंगोटी, संगणक, पेव्हर ब्लॉक. एकदा मी कच्च्या मालासाठी आठ लाख सुचवले, तर अध्यक्ष म्हणाले, "लोखंड घासून संपणार. मग हप्ता कशातून भरायचा?" त्या माणसाची चूक नव्हती. आयएमसीला २० टक्के जागा जादा फीने भरता येतात, पण ज्या गावात साध्या फीच्या जागाच भरत नाहीत तिथे जादा फी कोण देणार?

त्याच काळात संस्थेत एक सीएनसी आलं, दुसऱ्या योजनेतून. मंजूर वीजभार कमी पडत होता. भार वाढवायचा खर्च कुठल्याच लेखाशीर्षात बसेना. तीन वर्षं मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, आणि कुणी पाहुणा आला की कव्हर काढून हार. मी स्वतः नारळ फोडलाय तिथे.

मोटर_रिवायंडर

सगळेच आयटीआयला शिव्या घालताय, म्हणून लिहितो. मी १९९८ चा वायरमन, बार्शी भागातला. आज माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, हाताखाली तीन पोरं. उन्हाळ्यात रात्री दोनला फोन येतो, मोटर जळली, ऊस वाळतोय.

आमच्या वेळेलाही वायर नव्हती. सरांनी काय केलं, आसपासच्या शेतकऱ्यांना सांगितलं की जळक्या मोटरी आणा, तांबं तुमचं, मजुरी नाही. पोरं जुनी वायंडिंग काढायची, वेढे मोजायची, कागद घालायची, नवी भरायची. पहिल्या मोटरीला मी फेज उलटा जोडला, पंप उलटा फिरला, शेतकऱ्याने सरांसमोर माझा उद्धार केला. तो दिवस आजही आठवतो आणि फेज आजही दोनदा तपासतो. सगळं बेकायदेशीर होतं बहुतेक. पण तीस पैकी निदान बारा पोरं त्याच धंद्यात पोट भरतायत.

आणि एक. सरकारच्या आकड्यात आम्ही बाराजण 'बेरोजगार' असणार. कुठल्या कंपनीचं नेमणूकपत्र आमच्याकडे आहे? कामगिरी मोजायची तर आम्हालाही मोजा की राव.

अंबडचा_लेथवाला

@मोटर_रिवायंडर, पंप उलटा फिरला ह्यावर मनापासून हसलो. पण तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी 'कामगिरी' म्हणजे माझ्या शेडवर येणारं पोरगं एवढंच धरून बसलो होतो.

@निवृत्त_निदेशक काका, पुढचं लिहा. तासांचं काय झालं? पोरं म्हणतात, आता फार वेळ प्रॅक्टिकल नसतं.

खासगीवाला

काकांच्या आधी मी घुसतो, कारण आमची बाजू कोणी मांडत नाही. माझी विनाअनुदानित आयटीआय आहे, तालुक्याच्या गावी. देशात पंधरा हजारांच्या आसपास आयटीआय आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त आमच्यासारख्या खासगी. महाराष्ट्रात सरकारी ४०० च्या वर आहेत, म्हणून इथे ते जाणवत नाही. उत्तरेत जाऊन बघा.

तुम्ही सरकारी पैशाबद्दल रडताय, आमच्याकडे पगारही फीमधून. शेजारी सरकारी आयटीआयत नाममात्र फी, मग माझ्याकडे येतं कोण? तिकडे नंबर न लागलेलं पोरगं. आणि तुलना मात्र एकाच तराजूत, तीच तारांकित प्रतवारी.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा संस्थेला देऊ नका, निकालाला द्या. ज्याची पोरं कामाला लागली त्याला पैसे, सरकारी असो की खासगी.

शेड_नंबर_७

खासगीवाले भाऊ, तत्त्व पटतं. पण ते पीएमकेव्हीवायमध्ये, म्हणजे पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत, करून झालंय ना? पोरगं शिकवा, प्रमाणपत्र द्या, पैसे घ्या. पुढे कॅगने (सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेने) तपासलं, तेव्हा उमेदवारांच्या बँक खात्याच्या रकान्यात ओळीने ११११११ असले आकडे निघाले. निकालाला पैसे म्हटलं की निकाल पिकतो. पिकाची चव कोण बघणार?

खासगीवाला

मान्य. प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या ऑफिसातही प्लेसमेंटची फाइल आहे आणि त्यातली काही पत्रं ओळखीच्या माणसांच्या लेटरहेडवर आहेत. पोरं तिथे गेली, पंधरा दिवस राहिली, परत आली. तपासणीला कोणी पोराला फोन करत नाही, पत्र बघतात. मी एकटा सत्यवान होऊन माझे तारे कमी करून घेऊ?

निवृत्त_निदेशक

खासगीवाले, तुम्ही हे लिहिलंत ह्याबद्दल आदर वाटला.

तासांविषयी. २०१३ ला सेमिस्टर पद्धत आली, २०१८ ला पुन्हा वार्षिक झाली. पाच वर्षांत आम्ही वेळापत्रकं नि परीक्षांचे अर्ज भरण्यातच निम्मे झालो. मग २०२२ ला अभ्यासक्रमाचे तास वर्षाला १६०० वरून १२०० वर आले. वर कारखान्यातलं प्रशिक्षण जोडायचं असं ठरलं, पण तालुक्याच्या गावात कारखाना असतोच असं नाही. फिटरचं काम हाताचं. लेव्हल कानस, म्हणजे कानस आडवी न डुलता सरळ जाणं, अंगात यायला सहा महिने जातात. खांदा, कोपर, मनगट, पायातलं अंतर. ४०० तास कापलेत ते कुठून कापलेत हे त्या पोराच्या मनगटाला कळतं.

आणि निदेशक कुठे आहेत? मी निवृत्त झालो, माझ्या जागी तासिका तत्त्वावर एक मुलगा आला. चांगला होता. पण उन्हाळी सुट्टीत मानधन नाही, मिळायचं ते सहा-सहा महिन्यांनी. तो गेला एका कंपनीत मेंटेनन्सला. आता माझ्या जुन्या सेक्शनला दोन तुकड्या मिळून एक माणूस आहे आणि त्याच्याकडे प्रवेशाचंही काम आहे.

योजनांमध्ये यंत्राला पैसे असतात, इमारतीला असतात. माणसाच्या पगाराचं नाव काढलं की "तो राज्याचा आवर्ती खर्च".

वीजकन्या

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातली, इलेक्ट्रिशियन, दुसरं वर्ष. वीसच्या तुकडीत आम्ही तिघी. मुलींना ३० टक्के जागा असतात, भरत नाहीत.

का भरत नाहीत ते सांगते. आमच्या गावाला जाणारी शेवटची एसटी साडेचारला. पासात सवलत आहे, गाडीच नाही तर पासाचं काय करू? शेवटचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत. म्हणजे रोजचा अर्धा-पाऊण तास आमचा जातो, आणि हजेरी ८० टक्के पाहिजे. हॉस्टेल मुलांचं आहे.

विद्यावेतनाबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्या बाबांनी आयटीआय केली तेव्हा महिन्याला ४० रुपये होते. माझा दादा शिकला तेव्हाही ४० च. आता आता, २०२३ मध्ये ५०० केले. घरी बाबा म्हणतात, तुझी पगारवाढ झाली.

यंत्राचं एक सांगते. आमच्या बिल्डिंगवर मागच्या वर्षी सोलर बसवलं. आम्ही इलेक्ट्रिशियनच्या वीस जणांनी सरांना म्हटलं, आम्हाला वर जाऊ द्या, निदान बघू द्या. ठेकेदाराची माणसं म्हणाली, विमा नाही, वर यायचं नाही. आम्ही खाली उभं राहून बघितलं. वायर खाली कुठून आणली, इन्व्हर्टर कुठे लावला, ते नंतर सरांनी फोटोवरून शिकवलं. परीक्षेत सोलरवर प्रश्न होता, चार पर्यायांचा. मी बरोबर टिक केला.

मोटर_रिवायंडर

ताई, सुट्टीत आमच्याकडे या. खरंच सांगतो. बायको, आई सगळे घरात आहेत, राहायची सोय होईल. सोलर पंपाची कामं आता भरपूर आहेत. वर चढायला कोणी अडवणार नाही, उलट आम्हीच चढवू.

श्टुटगार्टकर

मी इथे एका मशीन टूल कंपनीत आहे, शिकाऊ पोरांच्या कार्यशाळेशी कामानिमित्त संबंध येतो. जर्मनीचं कौतुक ऐकून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून दोनच गोष्टी सांगतो.

एक, इथे फिटरसारखा ट्रेड साडेतीन वर्षांचा. आठवड्यातले एक-दोन दिवस सरकारी शाळा, बाकी कंपनी. विद्यावेतन कंपनी देते, २०२५ ला पहिल्या वर्षाचं कायद्याने किमान ६८२ युरो. लोखंडही कंपनीचं. पहिले काही आठवडे इथेही पोरं कानसच घासतात आणि शिव्या देतात. पण तुकड्यांची पेटी भरलेली असते. बिघडला जॉब, फेक, दुसरा घे.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. परीक्षा शाळा घेत नाही, कंपनीही घेत नाही. उद्योग-व्यापार मंडळ घेतं. परीक्षकांत मालकांचा माणूस, कामगारांचा माणूस आणि शिक्षक असतो, तिघंही. स्वतः शिकवून स्वतःच गुण द्यायची सोय नाही.

अंबडचा_लेथवाला

दुसरा मुद्दा एकदम पटला. आपल्याकडे थिअरी संगणकावर पर्याय निवडून, आणि प्रॅक्टिकल त्याच शेडमध्ये. मला परीक्षक म्हणून बोलावलं तर मी फुकट जाईन, पिन आणि व्हर्नियर घेऊन.

पहिला मात्र माझ्यासारख्याला झेपणारा नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असली तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मोठ्या कंपन्या घेतात. त्यातल्या काही त्यांना दोन वर्षं एकाच प्रेसवर उभं करतात, तो वेगळा धागा होईल. मी अकरा माणसांचा. मला सक्ती नाही, ऐच्छिक आहे. एक घेतो. तो पहिले चार महिने माझ्या चांगल्या माणसाचा रोज तासभर खातो. मोठी कंपनी हा खर्च सोसते, माझ्याकडे तो महिन्याच्या हिशोबात दिसतो.

खवचट_खान

अवांतर: पीएम-सेतूत पाच राष्ट्रीय केंद्रं होणार आहेत. भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना. मुंबईला चुनाभट्टीत केंद्राची जुनी प्रशिक्षण संस्था असताना 'देशाच्या औद्योगिक राजधानी'चं नाव यादीत नाही. ह्यावर कोणी धागा काढेल का, की आपण आयटीआयना थोरांची नावं देण्यातच खूश आहोत?

शेड_नंबर_७

खान साहेब, तामिळनाडूकडे बघा. त्यांनी २०२२ ला ७१ सरकारी आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर घेतल्या, २८७७ कोटींचा करार. रोबो, नवी सीएनसी, सगळं. ते किती टिकतं ते दहा वर्षांनी बघू, पण त्यांनी कंपनीलाच सोबत घेतलंय.

माझी पीएम-सेतूकडून एकच अपेक्षा आहे. प्रत्येक संस्थेकडून दरवर्षी एक आकडा मागा, किती किलो लोखंड, किती मीटर वायर, किती वेल्डिंग रॉड खपले. प्रवेश किती, प्लेसमेंट किती, हे आकडे लिहिता येतात. भंगाराच्या वजनकाट्याची पावती लिहिता येत नाही.

निवृत्त_निदेशक

@शेड_नंबर_७, हसलो. पण भंगारही लिलावाशिवाय विकता येत नाही हो. आमच्या शेडमागे १९९० पासूनचा ढीग होता.

तरी सूचना चांगली आहे. मी असतो तर मला आवडलं असतं, कुणीतरी येऊन विचारलं असतं, "काय हो, ह्या वर्षी फक्त तीनच व्हर्नियर मोडले? पोरांना हात लावू देत नाही की काय?"

अंबडचा_लेथवाला

धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं होईल. सगळ्यांचे आभार. वीजकन्या, तुमचं सोलरचं वाचून बायकोलाही दाखवलं.

काल एक उद्योग करून आलो. माझ्याकडे एमएसच्या (साध्या पोलादाच्या) फ्लॅटचे कटिंगचे तुकडे पडलेले असतात, भंगारात जातात. साठेक किलो निवडून काढले, सगळे १० मिलीचे, आणि जवळच्या एका आयटीआयत घेऊन गेलो. फिटरचे निदेशक तरुण आहेत, तुकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. एक हातात घेऊन कडेवर अंगठा फिरवला, म्हणाले, पोरांच्या दोन बॅचना महिनाभर पुरेल.

मग आम्ही भांडारपालांकडे गेलो. ते भले गृहस्थ. म्हणाले, साहेब, घेतलं असतं, पण चढवू कशात? खरेदी नाही, म्हणजे बिल नाही. देणगी म्हणावी तर समितीचा ठराव हवा, बैठक पुढच्या महिन्यात. भंगार म्हणून आत घेता येत नाही, भंगार फक्त बाहेर जातं. शिवाय किंमत लिहावी लागेल, ती कोण ठरवणार?

निदेशकांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "सर, शनिवारी दुपारी तुमच्या शेडवरच पोरं आणली तर?"

शनिवारी वीस पोरं येतायत. माझ्याकडे बेंच व्हाइस दोनच आहेत. नाशिकात कुणाकडे जादा पडलेले असतील तर कळवा, टेम्पो मी आणतो. तुकडे अजून गाडीतच आहेत.